रील दहा हजारांनी बघितली, ऑर्डर आल्या तीन! गारगोटीसारख्या गावातून धंदा ऑनलाईन नेताना नेमकं चुकतं कुठं?

डंकावर चटणी कुटतानाचा तीस सेकंदांचा व्हिडिओ. लालभडक मिरची, मागं डंकाचा धाड धाड आवाज, वर एखादं चालतं गाणं. दोन दिवसांत दहा हजार व्ह्यूज. कमेंटमध्ये बदामांचा पाऊस, 'एकच नंबर ताई', 'बघूनच तोंडाला पाणी सुटलं'. आठवड्यानं ऑर्डर मोजल्या तर तीन. त्यातली एक मावसबहिणीची.

हे उदाहरण कल्पनेतलं आहे, पण घरगुती धंदा करणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. चटणीच्या जागी मध ठेवा, काजू ठेवा, कोल्हापुरी चप्पल ठेवा किंवा शिवलेले ब्लाऊज ठेवा, गोष्ट तीच राहते. बघणारे हजार असतात आणि घेणारे बोटावर मोजण्याइतके.

मग सोशल मीडियावरची जाहिरात म्हणजे नुसता टाईमपास का? तर तसंही नाही. बघणारा माणूस आणि घेणारा माणूस यांच्यामध्ये जे अंतर असतं, ते कापायचं काम रील करत नाही. ते दुसऱ्याच गोष्टी करतात. त्या कोणत्या आणि कशा चालतात, तेच समजून घेऊया.

आधी गारगोटीचं गणित

गारगोटी हे भुदरगड तालुक्याचं मुख्य ठिकाण. कोल्हापूरपासून साधारण पन्नास किलोमीटर. १९५२ साली डॉ. जे. पी. नाईक यांच्या पुढाकारानं इथं मौनी विद्यापीठ उभं राहिलं. तेव्हापासून आसपासच्या वाड्या-वस्त्यांमधली पोरं शिकायला गारगोटीत येतात. तहसील इथं, बाजार इथं, बँका इथं. त्यामुळं तालुक्यातला माणूस कधी ना कधी गारगोटीत येतोच.

पण हा झाला एक भाग. दुसरा भाग म्हणजे याच तालुक्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या पोटापाण्यासाठी बाहेर पडली. आधी मुंबईच्या गिरण्यांत, नंतर पुणे-पिंपरीच्या कारखान्यांत आणि ऑफिसांत. ही माणसं गणपतीला आणि गावच्या जत्रेला येतात आणि परत जाताना पिशवीत चटणी, तांदूळ, गूळ भरून नेतात.

म्हणजे गारगोटीतल्या दुकानाला दोन प्रकारचं गिऱ्हाईक आहे. एक तालुक्यातलं, जे स्वतः चालत दुकानात येऊ शकतं. दुसरं पुण्या-मुंबईतलं, ज्याच्या जिभेला चव ठाऊक आहे, पण दुकान आठ तासांवर आहे. या दोघांना एकच रील दाखवून उपयोग नाही, कारण दोघांच्या अडचणी वेगळ्या आहेत. पहिल्याला पत्ता, वेळ आणि आज माल आहे का एवढंच हवं असतं. दुसऱ्याला भाव, कुरिअर आणि खात्री हवी असते.

हजारो व्ह्यूजमध्ये हे दोघं किती असतात? बऱ्याचदा फारच थोडे. रील नागपूरला दिसते, इंदूरला दिसते, दुबईलाही दिसते. बघणाऱ्याला मजा येते आणि तो पुढं सरकतो. व्ह्यूज हा मनोरंजनाचा आकडा आहे, धंद्याचा आकडा वेगळा मोजावा लागतो.

पाटगावची गोष्ट : नाव झालं, पुढं काय?

गारगोटीहून वेदगंगेच्या उगमाच्या दिशेनं वर गेलं की सह्याद्रीच्या कुशीत पाटगाव लागतं. मौनी महाराजांचा मठ असलेलं गाव. २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर हे राज्यातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं आणि त्यानंतर ही ओळख पाटगावला मिळाली. २०२३ च्या केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या उत्कृष्ट पर्यटन गाव स्पर्धेत पाटगावला कांस्य पुरस्कारही मिळाला.

आता समजा, ही बातमी पुण्यातल्या एका माणसानं वाचली. मध घ्यायचा असं त्याच्या मनात आलं. पण पैसे पाठवण्याआधी त्याच्या डोक्यात एकामागून एक प्रश्न येतात. हा मध खरंच तिथला आहे कशावरून? दुकानातल्या ब्रँडेड मधापेक्षा महाग का? बाटली फुटली तर? मध घट्ट झाला तर भेसळ समजायची का? पैसे कुणाच्या नावावर पाठवायचे?

बातमीनं त्याला पाटगावपर्यंत आणलं. पुढची उत्तरं मध विकणाऱ्यानंच द्यायची आहेत. ती त्याच वेळी, मोबाईलवर, दोन मिनिटांत सापडली तर ऑर्डर येते. सापडली नाहीत तर माणूस 'नंतर बघू' म्हणतो, आणि ते नंतर कधी येत नाही.

कोल्हापुरी चपलेचं उदाहरण याहून मोठं आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या 'प्राडा'नं कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला मांडल्या, पण कोल्हापूरचं नाव कुठंच घेतलं नाही. सोशल मीडियावर लोक तुटून पडले. शेवटी कंपनीला त्यामागची प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे मान्य करावं लागलं. तिची माणसं कोल्हापूरला येऊन गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या 'लिडकॉम' आणि कर्नाटकच्या 'लिडकार' या चर्मोद्योग महामंडळांसोबत दोन हजार जोड बनवण्याचा करारही झाला.

सोशल मीडियाची ताकद किती, तर एवढी. पण याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. त्या आठवड्यांत देशभरातले लोक 'ओरिजिनल कोल्हापुरी कुठं मिळेल' म्हणून शोधत होते. ज्या कारागिराकडे मापाचा तक्ता, भाव, फोटो आणि नंबर असलेलं एखादं पान तयार होतं, त्याला त्या लाटेचा फायदा घेता येणार होता. ज्याच्याकडे काहीच नव्हतं, त्याच्यासाठी लाट आली आणि गेली. लाट कधी येणार हे कुणाच्या हातात नसतं, पण पान आधीपासून तयार ठेवणं हातात असतं.

कोणतं ॲप कशासाठी?

बहुतेक जणांची चूक इथं होते. फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब, व्हॉट्सॲप सगळीकडे एकदम खाती काढायची, पहिला आठवडा जोरात पोस्ट टाकायच्या आणि मग महिनाभर शांतता. खरं तर प्रत्येक जागेचं काम वेगळं आहे.

*गूगल बिझनेस प्रोफाईल.* हे फुकट आहे आणि दुकान असेल तर सगळ्यात आधी हेच करायचं. 'गारगोटीत बेकरी' किंवा 'जवळचं मोबाईल रिपेअरिंग' असं कुणी शोधलं की नकाशावर जी नावं येतात, ती इथून येतात. कुणाचं नाव वर येणार हे गूगल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरवतं. शोधलेल्या शब्दाशी दुकान किती जुळतं, शोधणाऱ्यापासून ते किती लांब आहे आणि त्याची ओळख किती आहे. अंतर तर बदलता येत नाही. पण धंद्याचा प्रकार नीट निवडणं, वेळ बरोबर टाकणं, दुकानाच्या पाटीचा फोटो लावणं आणि खऱ्या गिऱ्हाईकाला 'दोन ओळी लिहा की' असं सांगणं हे सगळं करता येतं. नोंदणी करताना दुकान खरोखर आहे हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी बऱ्याचदा दुकानाचा व्हिडिओ मागतात. यासाठी कुणी एजंट फोन करून पैसे मागत असेल तर सरळ फोन ठेवायचा.

*व्हॉट्सॲप बिझनेस.* जानेवारी २०१८ मध्ये आलेलं हे ॲप साध्या व्हॉट्सॲपसारखंच दिसतं, पण त्यात दुकानाचा पत्ता, वेळ, मालाचा कॅटलॉग आणि ठरलेली उत्तरं ठेवता येतात. 'भाव काय?' हा प्रश्न दिवसातून वीस वेळा येत असेल तर उत्तर एकदाच लिहून ठेवायचं. चॅटला लेबलं लावता येतात. नवीन ऑर्डर, पैसे आले, पार्सल गेलं. वहीत जो हिशोब राहतो तोच इथं राहतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणांना एकदम मेसेज जातो, पण एक अट असते. समोरच्यानं नंबर सेव्ह केलेला असेल तरच तो मेसेज पोचतो. त्यामुळं पहिल्या ऑर्डरच्या पार्सलमध्ये 'आमचा नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी टाकणं ही साधी गोष्ट लय कामाची ठरते.

*इन्स्टाग्राम, फेसबुक आणि यूट्यूब.* यांचं काम ओळख करून देणं. ज्याला तुमचं नाव माहीत नाही त्याच्यापर्यंत हे पोचतात. फेसबुकवर गावाच्या आणि तालुक्याच्या नावाचे ग्रुप असतात, तिथं बाहेरगावी गेलेली माणसं असतात. यूट्यूबवरचा जरा मोठा, काम दाखवणारा व्हिडिओ वर्षभरानंतरही शोधात सापडू शकतो. इन्स्टाची रील झटक्यात पळते आणि तितक्याच झटक्यात जुनी होते. पण या तिन्ही ठिकाणी प्रोफाईलमध्ये व्हॉट्सॲपची लिंक नसेल, तर दुकानाला पाटी आहे आणि दार नाही अशी गत होते.

*ब्लॉग किंवा स्वतःची वेबसाईट.* 'आता ब्लॉग कोण वाचतंय?' असं पुष्कळ जण विचारतात. त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल.

भाड्याचं दुकान आणि स्वतःची जागा

२९ जून २०२० ला भारत सरकारनं टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. लाखो फॉलोअर्स जमवलेली गावाकडची पोरं एका रात्रीत शून्यावर आली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम जवळपास सहा तास बंद पडले. ज्यांच्या ऑर्डरी फक्त तिथंच येत होत्या त्यांनी शटर ओढल्यासारखंच झालं. गूगलनं दुकानदारांना फुकट वेबसाईट बनवून देण्याची सोय केली होती, तीसुद्धा मार्च २०२४ मध्ये बंद केली.

'आपली आजी' या चॅनेलचं उदाहरण तर महाराष्ट्राला माहीत आहे. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, सुमन धामणे यांच्या रेसिपी नातवानं मोबाईलवर शूट केल्या आणि २०२० मध्ये चॅनेल तुफान चाललं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते हॅक झालं. काही दिवसांनी परत मिळालं, पण तेवढ्या दिवसांत घरातल्यांची झोप उडाली. पुढं आजींच्या नावानं मसालेही विकले जाऊ लागले. पण इतकं मोठं चॅनेलही एका पासवर्डच्या अंतरावर होतं, हे त्यातून दिसलं.

सोशल मीडियावरचं पान म्हणजे भाड्याची जागा. गर्दीच्या चौकात आहे, म्हणून घ्यायचीच. पण मालक दुसरा आहे आणि नियम तोच बदलणार. स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं, तर त्यावरचं लिखाण आपलं राहतं. डोमेनचा खर्च वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास असतो. तेवढाही करायचा नसेल तर ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर फुकट सुरुवात होते. तीही दुसऱ्याचीच जागा, पण तिथला मजकूर उतरवून घेऊन दुसरीकडे नेता येतो.

ब्लॉगचा खरा उपयोग मात्र वेगळाच आहे. माणूस इन्स्टावर वेळ घालवायला जातो आणि गूगलवर प्रश्न घेऊन जातो. 'मध घट्ट का होतो' असं टाईप करणाऱ्याच्या घरात मधाची बाटली आहे किंवा तो घ्यायच्या विचारात आहे. त्याला उत्तर देणारं पान ज्याचं, त्याच्यावर विश्वास बसायला सुरुवात होते. आजकाल गूगल वरच्या वर एआयनं केलेला सारांश दाखवतं, त्यामुळं पानावर येणारे कमी होऊ शकतात हे खरं. पण तो सारांशही कुणीतरी लिहिलेल्या मजकुरावरूनच तयार होतो. मराठीत बारीकसारीक गोष्टींवर चांगलं लिहिलेलं अजून कमी आहे, त्यामुळं छोट्या माणसालाही तिथं जागा आहे.

लिहायचं काय? फोनवर जे विचारतात तेच

'कंटेंट काय टाकू' हा प्रश्न पडला की वही घ्यायची आणि गेल्या महिनाभरात गिऱ्हाईकांनी फोनवर काय काय विचारलं ते लिहायचं. प्रत्येक प्रश्न म्हणजे एक पोस्ट, एक रील किंवा ब्लॉगचं एक पान.

मध विकणाऱ्याचंच उदाहरण घ्या.

मध रवाळ झाला, म्हणजे साखर घातलीय का? नाही. मधात ग्लुकोज असतं, ते थंडीत कण धरतं. शुद्ध मधही रवाळ होतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.

पाण्यात टाकून किंवा वातीला लावून पेटवून शुद्धता कळते का? या घरगुती परीक्षांवर भरवसा ठेवता येत नाही. भेसळ पकडायला प्रयोगशाळेतली तपासणी लागते.

दरवेळी रंग आणि चव वेगळी का? कारण माश्या ज्या हंगामात ज्या फुलांवर जातात तसा मध बनतो. सह्याद्रीत पेट्यांमध्ये पाळली जाते ती सातेरी माशी. जंगलात कोणता फुलोरा आहे त्यावर तिचा मध ठरतो.

लहान बाळाला चाटवू का? एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टर सांगतात. हे विकणाऱ्यानंच स्वतःहून लिहिलं, तर गिऱ्हाईकाच्या लक्षात राहतं की हा माणूस फक्त बाटली खपवायला बसलेला नाही.

चार प्रश्न, चार पोस्ट. यात कुठंही 'एक नंबर', 'अस्सल', 'शंभर टक्के शुद्ध' असं ओरडावं लागलं नाही.

आता चटणीवाल्या ताईंकडे परत जाऊ. त्यांची पहिली पोस्ट अशी होती असं समजा :

"आमच्याकडे उत्तम प्रतीची घरगुती शुद्ध कोल्हापुरी चटणी योग्य दरात मिळेल. एकदा अवश्य संधी द्या."

आणि दुसरी अशी :

"या शनिवारी कुटलेली कांदा-लसूण चटणी. मिरची निम्मी ब्याडगी, निम्मी संकेश्वरी. ब्याडगीनं रंग येतो, संकेश्वरीनं तिखटपणा. घरात लहान मुलं असतील तर कमी तिखटाची वेगळी आहे, तसं सांगा. अर्धा किलो ३०० रुपये, कुरिअर वेगळं. पार्सल सोमवारी आणि गुरुवारी जातं. ऑर्डरसाठी खालच्या नंबरवर व्हॉट्सॲप करा."

पहिली पोस्ट महाराष्ट्रातली कुठलीही बाई कुठल्याही मालासाठी टाकू शकते. दुसरी फक्त ज्यांनी स्वतः चटणी केलीय त्याच टाकू शकतात. वाचणाऱ्याला विचारायला काही शिल्लक राहत नाही, आता फक्त 'एक किलो पाठवा' एवढंच लिहायचं. गंमत म्हणजे दुसरी लिहायला कुठला कोर्स लागत नाही. ताई दुकानात समोरच्याला जे बोलतात तेच लिहायचं आहे.

भाषेचंही तेच. पुण्यातल्या एजन्सीसारखी भाषा लिहायची गरज नाही. गारगोटीच्या माणसानं गारगोटीच्या बोलीत सांगितलं, तर मुंबईत बसलेल्या भुदरगडच्या माणसाला ते लगेच आपलं वाटतं.

जाहिरातीचे पैसे वसूल होतात का?

'पोस्ट बूस्ट करा' असं बटण सारखं समोर येत राहतं. ते दाबण्याआधी कागदावर हिशोब मांडायचा. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, प्रत्येकानं आपले टाकावेत.

समजा अर्ध्या किलोचं पाकीट ३०० रुपयांना जातं. मिरची, मसाला, कांडप, पाकीट मिळून खर्च १९० रुपये. हातात उरले ११०. जाहिरातीवर १,००० रुपये घातले, २५ जणांनी मेसेज केला आणि ५ जणांनी पाकीट घेतलं. कमाई ५५० रुपये. म्हणजे ४५० रुपयांचा तोटा.

इथं बरेच जण 'ऑनलाईन काही चालत नाही' म्हणून सोडून देतात. पण थांबा. त्या पाचातल्या तिघांना चटणी आवडली आणि वर्षात त्यांनी आणखी दोनदा मागवली, तर सहा पाकिटं जाहिरातीशिवाय गेली. त्यांचे ६६० रुपये. एकूण १,२१०. आता २१० रुपये नफा.

दुसरा प्रयोग. ताईंच्या वहीत साठ जुन्या गिऱ्हाईकांचे नंबर आहेत. 'नवीन चटणी कुटलीय' असा मेसेज आणि एक फोटो. साठातल्या नऊ जणांनी एकेक पाकीट मागवलं. ९९० रुपये, जाहिरातीचा खर्च शून्य.

यातून काय कळतं? पहिल्यांदा घेणारं गिऱ्हाईक महाग पडतं. परत येणारं स्वस्त पडतं. त्यामुळं जाहिरातीवर हजार रुपये टाकण्याआधी जुन्या गिऱ्हाईकांची यादी नीट लावणं जास्त फायद्याचं. जाहिरात करायचीच असेल तर अख्ख्या राज्याला दाखवण्यापेक्षा पुण्याचा किंवा मुंबईचा ठराविक भाग निवडायचा.

कुरिअरचंही गणित आहे. अर्ध्या किलोला ७० रुपये कुरिअर पडलं, तर गिऱ्हाईकाला पाकीट ३७० ला पडतं आणि महाग वाटतं. दोन किलोला १२० रुपये पडले, तर अर्धा किलो ३३० ला पडतो. म्हणून 'शेजारणीसोबत मिळून दोन किलो मागवा' असं सांगितलं की तिचेही पैसे वाचतात आणि शेजारीण हे नवीन गिऱ्हाईक फुकट मिळतं.

प्रत्येक नव्या माणसाला एक प्रश्न आठवणीनं विचारायचा : 'तुम्हाला आमचं कुठून कळलं?' उत्तरं वहीत लिहायची. तीन महिन्यांत कळतं की रील कामाची आहे, गूगल कामाचं आहे की अजूनही मावसबहीणच.

हे खड्डे चुकवा

खाण्याचा माल विकायचा तर घरगुती धंद्यालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान व्यावसायिकांसाठी ती सोपी आणि स्वस्त आहे, 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवरून होते. मिळणारा चौदा आकडी नंबर पाकिटावर छापायचा. सोबत घटक, वजन, बनवल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, किंमत आणि पत्ता. या पाकिटाचा फोटो पोस्टमध्ये टाकला तर तोच सगळ्यात मोठा पुरावा ठरतो.

'या मधानं शुगर जाते', 'या चूर्णानं गुडघेदुखी कायमची बरी' असले दावे करायचे नाहीत. खाण्याच्या पदार्थानं आजार बरा होतो अशी जाहिरात करणं कायद्यात बसत नाही.

खोटे रिव्ह्यू विकत घ्यायचे नाहीत. गावात कोण कोणाचा भाचा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. एक खराब रिव्ह्यू आला तर त्याला शांतपणे उत्तर द्यायचं. बाकीचे वाचणारे तक्रारीपेक्षा उत्तर जास्त बारकाईनं वाचतात.

इन्स्टाच्या बिझनेस अकाउंटला चित्रपटांची बरीच गाणी वापरता येत नाहीत. त्याऐवजी डंकाचा, कढईचा, शिलाई मशीनचा खरा आवाज ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फसवणूक. 'मी सैन्यात अधिकारी आहे, कॅम्पसाठी पन्नास किलो चटणी पाहिजे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' असे फोन छोट्या दुकानदारांना येतात. मोठ्या ऑर्डरच्या आनंदात माणूस स्कॅन करतो, पिन टाकतो आणि खात्यातून पैसे जातात. एक नियम पाठ करून ठेवायचा : पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर एक मिनिटही न घालवता १९३० या हेल्पलाईनला फोन करायचा. सगळ्या खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावायचं आणि ओटीपी कुणालाच सांगायचा नाही.

सुरुवात करायची तर पहिला महिना असा

पहिल्या आठवड्यात फक्त दोन कामं. गूगलवर दुकान नोंदवायचं, व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये पाच-दहा वस्तूंचा कॅटलॉग भाव टाकून लावायचा.

दुसऱ्या आठवड्यात जुन्या गिऱ्हाईकांचे नंबर वहीतून फोनमध्ये घ्यायचे. त्यांना विचारून, परवानगी घेऊनच यादीत टाकायचं. रोज सकाळी 'शुभ सकाळ' पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात. नवीन माल आला की एकच मेसेज, बास.

तिसऱ्या आठवड्यात फोनवर येणारे दहा प्रश्न लिहून काढायचे. त्यातल्या चारांची उत्तरं व्हिडिओत द्यायची, दिवसाच्या उजेडात, दुकानातच.

चौथ्या आठवड्यात तीच दहा उत्तरं ब्लॉगच्या एका पानावर एकत्र लिहायची आणि त्याची लिंक सगळीकडे लावायची. घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर हे काम त्याच्याकडे द्या, पण पासवर्ड घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.

हे सगळं करूनही पहिल्या महिन्यात ऑर्डरींचा ढीग लागेल असं नाही. पण ताईंच्या पुढच्या रीलला दहा हजारांऐवजी आठशेच व्ह्यूज मिळाले आणि त्या आठशेंत पिंपरीत राहणारी भुदरगडची चाळीस घरं असली, तर आठवड्याच्या शेवटी हिशोब वेगळा लागेल. कुरिअरवाल्याला मग आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा यावं लागेल, आणि मावसबहिणीनं मागवलेलं पाकीट त्या ढिगात शोधावं लागेल.